ओसी आलेल्या नव्या फ्लॅटची तपासणी तज्ज्ञाकडून का करून घ्यावी?

प्रश्न असा आहे: पुण्यातल्या नव्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट तयार आहे, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी आलं आहे, रंग ताजा आहे, कुठे काही खटकत नाही. मग बाहेरचा इंजिनिअर आणून, पदरचे पैसे देऊन तपासणी कशासाठी करायची? आणि पुनर्विकासात जुन्या घराच्या बदल्यात मिळणाऱ्या नव्या घरालाही ती हवी का?

दोन्ही घरांना हवी. नवं घर म्हणजे निर्दोष घर नव्हे. त्यातले दोष अजून बाहेर पडलेले नसतात, एवढंच. फरशी, जिप्सम आणि रंगाखाली ते झाकलेले असतात आणि पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत डोकं वर काढतात. तोवर तुमचं फर्निचर बसलेलं असतं आणि 'ही चूक बांधकामाची की तुमच्या सुताराची' हा वाद सुरू होतो. ताब्याआधी काढलेला, तारीख-फोटोंसह लिहिलेला अहवाल हा वाद उभाच राहू देत नाही.

आधी ओसीबद्दलचा गैरसमज दूर करू. ओसी देताना महापालिका काय पाहते? मंजूर नकाशाप्रमाणे मजले, सामासिक अंतरं म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, पार्किंग, अग्निशमन दलाचं ना हरकत प्रमाणपत्र, लिफ्टचा परवाना, पाणी आणि ड्रेनेजची जोडणी. तुमच्या बाथरूमच्या फरशीखाली वॉटरप्रूफिंग कसं केलंय, तुमच्या सॉकेटला अर्थिंग पोचलंय का, हे त्या प्रक्रियेत कोणी तपासत नाही. आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर यांचे दाखले जोडलेले असतात, पण त्यांची नेमणूक विकासकाने केलेली असते आणि ते दाखले संपूर्ण इमारतीबद्दल असतात, फ्लॅट नंबर अमुकबद्दल नसतात. फक्त तुमच्या बाजूने, फक्त तुमचा फ्लॅट पाहणारा माणूस या साखळीत कुठेच नसतो.

दोष राहतात कसे, हे कळायला बाथरूम पाहावं. इतकं गुंतागुंतीचं काम घरात दुसरं नाही आणि सगळ्यात जास्त भांडणंही तिथलीच. बाथरूमचा स्लॅब आजूबाजूच्या स्लॅबपेक्षा साधारण २०० ते ३०० मिलिमीटर खाली टाकलेला असतो. या खड्ड्यात पाइप, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा किंवा हलक्या ब्लॉकचे तुकडे, आणि वर फरशी. योग्य क्रम असा: स्लॅब घासून स्वच्छ करायचा, पाइपांभोवतीची भोकं न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची, कोपऱ्यांना गोलाई द्यायची, वॉटरप्रूफिंगचा थर तळाला आणि भिंतींवर निदान ३०० मिलिमीटर, शॉवरच्या भिंतीवर त्याहून बराच वर न्यायचा. मग पाणी भरून ४८ ते ७२ तास ठेवायचं. ते टिकलं तरच पाइप आणि भराव, भरावावर दुसरा थर, पुन्हा पाणी, आणि शेवटी टाइल.

प्रत्यक्षात बिघडतं ते माणसं बदलताना. वॉटरप्रूफिंगवाला काम करून जातो, चार दिवसांनी प्लंबर नहाणी ट्रॅपची, म्हणजे फरशीतलं पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याची, जागा सरकवायला येतो आणि तोच थर फोडतो. फोडलेली जागा साध्या सिमेंट-वाळूने भरली जाते. साधा मसाला वाळताना आकसतो आणि पाइपभोवती केसाएवढी गोल फट राहते. वरून टाइल बसली की ही चूक कायमची झाकली. गंमत म्हणजे गळती लगेच दिसत नाही, कारण आधी तो सगळा भराव पाणी पितो. भरायला कित्येक महिने लागतात, आणि मग खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छताला पिवळा डाग पडतो. तोवर तुम्ही राहायला आलेले असता, आणि शेजारी विकासकाकडे न जाता तुमच्या दारात येतो.

म्हणून ताब्याआधी पाणी भरून पाहणं टाळू नका. ट्रॅपचं तोंड टेस्ट प्लगने किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या कापडी बोळ्याने घट्ट बंद करायचं, दाराच्या उंबऱ्यापेक्षा खाली राहील असं २५ ते ४० मिलिमीटर पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करायची आणि ४८ तास ठेवायचं. बाष्पीभवनाने दोन-चार मिलिमीटर उतरतात, त्याने घाबरू नका. खरा निकाल खालच्या मजल्यावर मिळतो: खालच्या फ्लॅटच्या बाथरूमचं छत, डक्टमधली, म्हणजे पाइप जाणाऱ्या उभ्या पोकळीतली, पाइपांची भोकं आणि बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत. खालच्या फ्लॅटची किल्ली साइट इंजिनिअरकडे असते, ती आदल्या दिवशीच मागून ठेवा. तज्ज्ञ ओलावामापक यंत्राने पाणी भरण्याआधी आणि नंतर त्याच जागांची नोंद घेतो. दोन आकड्यांतला फरक हाच पुरावा. थर्मल कॅमेरा असेल तर उत्तम, पण त्याला पाणी दिसत नाही, तापमानातला फरक दिसतो. ओली जागा बाष्पीभवनाने गार पडते म्हणून ती गडद उमटते. बंद, दमट खोलीत हा फरक फार कमी असतो, त्यामुळे 'कॅमेऱ्यात काही आलं नाही' एवढ्यावर भिंत कोरडी ठरत नाही.

त्याच बाथरूममध्ये उतार पाहायचा. तो साधारण १:८० हवा, म्हणजे दोन मीटर लांबीला २५ मिलिमीटर. दोन बादल्या ओतून पंधरा मिनिटांनी पाणी कुठे साचलंय ते खडूने आखा. उतार ट्रॅपऐवजी दाराकडे असेल तर टाइल काढण्यावाचून दुसरा इलाज नाही, आणि तो खर्च कोणी करायचा हे ताब्याआधीच ठरलेलं बरं. ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटरचा पाण्याचा अडसर हवा. तो कमी असेल तर उन्हाळ्यात दोन आठवडे घर बंद ठेवल्यावर पाणी उडून जातं आणि ड्रेनेजचा वास घरात शिरतो.

टाइलचं काम कान देऊन तपासायचं. हलक्या लाकडी दांड्याने किंवा रुपयाच्या नाण्याने प्रत्येक टाइल चार कोपरे आणि मध्यावर ठोकायची. भरीव टाइलचा आवाज बसका येतो, पोकळ टाइल डब्यासारखी वाजते. व्हिट्रिफाइड टाइल जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या रबडीला ती धरत नाही. तिला पॉलिमर असलेला अॅडहेसिव्ह लागतो, तोही खाचेदार थापीने पूर्ण पसरलेला. घाईत पाच ठिकाणी गोळे ठेवून टाइल दाबली जाते. मधल्या पोकळीवर कपाटाचा पाय किंवा सिलिंडर आला की तडा जातो. भिंतीवरची पोकळ टाइल जास्त धोक्याची, कारण ती निखळून अंगावर पडू शकते. एखाद्या कोपऱ्यात थोडी पोकळी असेल तर चालवून घ्यावं. अर्ध्याहून जास्त टाइल पोकळ वाजत असेल तर बदलून मागावी. आणि आत्ताच मागावी, कारण त्याच बॅचची टाइल आत्ता साइटवर असते, दोन वर्षांनी तोच रंग मिळत नाही.

भिंतींच्या तड्यांबद्दल मात्र उगाच घाबरू नये. आताच्या बहुतेक इमारतींत भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात, ज्यांना बोलीभाषेत सगळेच सिपोरेक्स म्हणतात. काँक्रीटचा कॉलम आणि हा ब्लॉक तापमानाने आणि ओलाव्याने वेगवेगळे आकुंचन-प्रसरण पावतात, म्हणून दोघांच्या सांध्यावर सरळ, बारीक तडा येतो. प्लास्टरच्या आधी सांध्यावर जाळी लावली असेल तर सहसा येत नाही. जाळी वाचवली की पहिल्याच उन्हाळ्यात कॉलमची कड भिंतीवर आखल्यासारखी दिसते. हा तडा दिसायला वाईट, पण इमारतीला धोका नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला तडा बहुधा लिंटेल (खिडकीवरची काँक्रीटची पट्टी) किंवा सिल-बँड (खिडकीखालची पट्टी) नीट नसल्याचा. काळजी करायची ती बीम आणि स्लॅबवरच्या तड्याची: रुंदी ०.३ मिलिमीटरच्या वर असेल, सळीच्या रेषेने जात असेल किंवा तड्याच्या कडेला गंजाचा तांबूस डाग असेल तर तो स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच दाखवायचा. तड्याची रुंदी मोजायची पारदर्शक पट्टी मिळते. अहवालात 'बारीक तडा' असं न लिहिता आकडा लिहिलेला असावा.

खिडक्या कोरड्या दिवसात तपासून काही कळत नाही. कोकणपट्टीत आणि मुंबईत पाऊस उभा पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. म्हणून पाण्याचा पाइप लावून बाहेरून मारा करायचा, आणि खालून वर असा. आधी सिलचा, म्हणजे खिडकीच्या खालच्या कट्ट्याचा, सांधा दहा मिनिटं, मग बाजूचे उभे सांधे, मग वरचा. सुरुवात वरून केली तर पाणी ओघळून सगळीकडे जातं आणि नेमकं कुठून आत येतंय ते कळत नाही. सिलच्या ग्रॅनाइटला बाहेरच्या बाजूला उतार हवा आणि आतली कड उंच हवी. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेर पाणी जायची छोटी भोकं असतात. रंगकाम आणि सिमेंटने ती बुजलेली असणं हा नव्या इमारतींतला नेहमीचा दोष. टाचणीने मोकळी होतात, पण बुजलेली राहिली तर ट्रॅक भरून पाणी बेडरूममध्ये उतरतं. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का तेही पाहा.

विजेच्या तपासणीत काटकसर नको, इथे प्रश्न जिवाचा आहे. प्रत्येक सॉकेटमध्ये टेस्टर प्लग लावून फेज-न्यूट्रल उलटे आहेत का, अर्थिंग आहे का ते पाहिलं जातं. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणून त्यामागे अर्थची तार जोडलेलीच असेल असं नाही. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर कारण शोधायला हवं. आरसीसीबी म्हणजे विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच. त्यावरचं टेस्ट बटण दाबल्यावर वीज गेली म्हणजे सगळं ठीक, असा समज आहे. ते बटण फक्त आतली यंत्रणा चालते का तेवढं सांगतं, तुमच्या अर्थिंगबद्दल काहीच सांगत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढ्या गळतीला ३०० मिलिसेकंदांच्या आत तुटतो का, हे वेगळ्या यंत्राने मोजतात.

त्याहून जास्त वेळा सापडते ती एमसीबी आणि तारेची विजोड जोडी. एमसीबी म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, तो तारेला वाचवण्यासाठी असतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला तर तारेचं प्लॅस्टिकचं आवरण तापून वितळायला लागेल तरी तो पडणार नाही. दिव्यांच्या १.५ च्या तारेला १० अँपिअर, २.५ च्या तारेला १६, गीझर-एसीच्या ४ च्या तारेला २० किंवा २५, हा घरगुती ढोबळ हिशेब. डीबीचं, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीचं, झाकण उघडून तारेवर छापलेला आकार वाचायचा आणि एमसीबीवरच्या आकड्याशी जुळवायचा. हे काम दहा मिनिटांचं आहे, पण परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावं, स्वतः झाकण उघडू नये.

पाण्याचा दाब मजल्यावर अवलंबून असतो. टाकीपासून दर १० मीटर खाली गेलं की साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब वाढतो. बावीस मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हा दाब ६ किलोच्या आसपास जातो आणि मधे प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह नसेल तर गीझरचे जोडपाइप आणि फ्लशच्या टाकीचे व्हॉल्व्ह एकापाठोपाठ फुटतात. उलट सगळ्यात वरच्या मजल्यावर दाब अर्ध्या किलोच्याही खाली असतो, तिथे बूस्टर पंप नसेल तर शॉवर नुसता ठिबकतो. नळाला गेज लावून एक नळ चालू असताना आणि तीन चालू असताना, असे दोन्ही आकडे घ्यावेत.

ढाच्याबद्दल तपासणीची मर्यादाही सांगायला हवी. प्लास्टरमागचं काँक्रीट एका फ्लॅटच्या पाहणीत कळत नाही. रिबाउंड हॅमर हे काँक्रीटवर ठोकायचं यंत्र पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतं, आतल्या ताकदीचा तो केवळ अंदाज असतो. फ्लॅटच्या पाहणीत दिसतात ते परिणाम: डक्टमध्ये बीमला जाळी पडलेली म्हणजे काँक्रीटमध्ये पोकळ भोकं राहिलेली, सळी उघडी, किंवा एसीच्या पाइपसाठी बीममधून आरपार भोक. शेवटचं तर सर्रास सापडतं, आणि बीमच्या टोकाजवळ असेल तर गंभीर असतं. काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या ताकदीच्या चाचणीचे २८ दिवसांचे निकाल विकासकाकडून मागवता येतात, पण ते सोसायटीने एकत्र मागावेत.

क्षेत्रफळ लेझरने मोजून घ्या. रेरा म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीचा स्थावर संपदा कायदा. त्याच्या व्याख्येत कार्पेट म्हणजे आतल्या विभाजक भिंतींसह वापरायचं क्षेत्र. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची त्यात येत नाहीत. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात ३ टक्क्यांपर्यंतच्या फरकाची तरतूद आहे. ६० चौरस मीटरच्या फ्लॅटला हे १.८ चौरस मीटर, म्हणजे जवळपास १९ चौरस फूट होतात. बेडरूमची लांबी करारातल्या नकाशापेक्षा कमी भरली तर कपाट बसणार नाही, ही अडचण टक्केवारीत दिसत नाही, म्हणून खोलीवार मापं लिहून घ्यावीत.

आता कागद. रेरा कायदा २०१६, कलम १४(३): ताबा दिल्यापासून पाच वर्षांत ढाच्याचा, कामाच्या दर्जाचा किंवा सेवांचा दोष लक्षात आणून दिला तर विकासकाने तो ३० दिवसांत, कोणताही मोबदला न घेता दुरुस्त करायचा, न केल्यास भरपाई. हक्क मोठा आहे, पण तो दोन ठिकाणी निसटतो. पहिलं, छापील ताबापत्रातलं 'पूर्ण पाहणी करून समाधानाने ताबा घेतला' हे वाक्य. ते खोडायला लावा, किंवा सहीच्या वर हाताने लिहा: 'सोबत जोडलेल्या दिनांकित अहवालातील दोष दुरुस्त होण्याच्या अटीवर ताबा स्वीकारला.' दुसरं, इंटिरियरचं काम. बाथरूमची टाइल किंवा प्लंबिंग तुम्ही बदललं की वॉटरप्रूफिंगची जबाबदारी संपली, अशी अट करारनाम्यात बहुधा असते. म्हणून तपासणी, दुरुस्ती आणि फेरतपासणी हे सगळं सुतार घरात यायच्या आधी. ओसीनंतर दोन महिन्यांत ताबा घ्यायचा असं कलम १९(१०) सांगतं, तेव्हा नोटीस येताच तपासणीची तारीख लेखी मागून ठेवा, म्हणजे उशीर तुमच्या माथी येत नाही.

पुनर्विकासातल्या सभासदांनी दुप्पट सावध राहावं. त्यांनी फ्लॅट विकत घेतलेला नसतो, म्हणून रेराचं ग्राहकाचं संरक्षण त्यांना किती लागू, यावर वाद होतात. पाच वर्षांची दोष-जबाबदारी विकास करारात आणि पर्यायी जागेच्या वैयक्तिक करारात स्पष्ट शब्दांत लिहून घेणं हाच खरा बंदोबस्त. ताब्याची नोटीस आली की विकासकाकडून मिळणारं भाडं थांबतं, म्हणून घाईने सामान हलवलं जातं आणि तपासणी राहून जाते. करारातच 'संयुक्त पाहणी आणि दोष दुरुस्तीनंतर भाडं थांबेल' असं असेल तर ही कोंडी होत नाही. सोसायटीचा प्रकल्प सल्लागार असतोच, पण त्याने ज्या कामावर देखरेख केली त्याचीच अंतिम तपासणी त्याने करू नये. त्यासाठी वेगळा माणूस घ्यावा. विकासकाची बँक गॅरंटी असेल तर ती गच्ची, पाण्याच्या टाक्या, फायर पंप आणि लिफ्ट तपासून झाल्याशिवाय सोडू नये. ड्रेनेज आणि विजेचे प्रत्यक्षात बांधलेल्या कामाचे नकाशे त्याच वेळी हातात घ्यावेत. नंतर भिंतीत पाइप कुठून गेलाय हे सांगणारा कोणी सापडत नाही.

माणूस निवडताना त्याचा जुना अहवाल, नावं काढून का होईना, पाहायला मागा. त्यात प्रत्येक दोषाचा फोटो, जागा, मोजमाप आणि दुरुस्तीची पद्धत असावी. नुसत्या टिकमार्कांची यादी फुकटात मिळाली तरी घेऊ नये. ओलावामापक, अर्थिंग टेस्टर, प्रेशर गेज आणि लेझर त्याच्याकडे स्वतःचे हवेत. दुरुस्तीचं किंवा इंटिरियरचं काम स्वतःच करणारा माणूस नको, कारण त्याचा फायदा दोष वाढवण्यात असतो. दोन बेडरूमच्या फ्लॅटला तीन-चार तास लागतात, पाणी भरण्याचे दोन दिवस वेगळे. तासाभरात उरकणाऱ्याने सॉकेट तपासलेले नसतात.

पैसे ठरवतानाच दुसरी फेरी त्यात धरून घ्या. 'सगळं झालं, या' असा साइटवरून फोन आला की बाथरूममध्ये पुन्हा पाणी भरायचं, बदललेली टाइल पुन्हा वाजवायची, जुन्या क्रमांकासमोर नवा फोटो लावायचा. तिसरी फेरी पहिल्या पावसाळ्यात, जोराच्या सरींनंतर चोवीस तासांच्या आत, खिडक्या आणि पश्चिमेच्या भिंतींसाठी. आणि ताब्याच्या तारखेपासून साडेचार वर्षं मोजून कॅलेंडरवर खूण करून ठेवा. त्या दिवशी शेवटची पूर्ण तपासणी आणि विकासकाला स्पीड पोस्टाने पत्र, म्हणजे पाच वर्षांची मुदत संपायच्या आत सहा महिने हातात राहतात.